कानानं भाजलेले बटाटे

"आधी ऐक. मग खा."

मामा बटाट्याची फोड दोन बोटांत धरायचे, माझ्या कानाशी आणायचे आणि मोडायचे. आवाज आला तर त्यांच्या भुवया वर जायच्या. नाही आला तर फोड माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "हे काय बोलत नाही पुट्टी. खाऊन टाक."

आणि पुट्टी, म्हणजे कानडीत छोटी, म्हणजे मी, खाऊन टाकायची. न बोलणारे, कुजबुजणारे, नुसतेच पुटपुटणारे, सगळ्या तऱ्हांचे बटाटे मी त्या महिन्यात खाल्ले. वजन किती वाढलं ते विचारू नका.

तुम्ही कधी जुन्या शिंप्याला कापड निवडताना पाहिलंय? तो कापड डोळ्यांनी बघतच नाही. चिमटीत धरतो, कानाशी नेतो आणि चोळतो. सुती वेगळं बोलतं, टेरिकॉट वेगळं, आणि दुकानदार खोटं बोलत असला तरी कापड खरं बोलतं. आमच्या मामांनी पन्नास वर्षं तेच केलं होतं. बटाट्यालाही त्यांनी तोच कायदा लावला.

मी मूळची गडहिंग्लजची. म्हैसूरला आले नोकरीसाठी. नोकरी म्हणजे फोन. तिकडं महाराष्ट्रात कुणाचं वॉशिंग मशीन बंद पडलं की तो माणूस ओरडणार आणि मी इकडं खुर्चीत बसून "तुमची गैरसोय समजू शकते सर" म्हणणार. दिवसभर इतके आवाज कानात जायचे की संध्याकाळी ते तोंडातून बाहेर यायचे. ही खोड शाळेपासूनची. आमच्या हेडमास्तरांची नक्कल मी बरोब्बर त्यांच्या मागं उभी राहून केली होती. पुढचं सांगत नाही.

मामा म्हणजे माझे घरमालक, नात्यातले नव्हेत. त्यांचं घर म्हैसुरातल्या जयलक्ष्मीपुरममध्ये. पुढं शिवणकामाचं दुकान, मागं मामा-मामींचं घर, वर माझी भाड्याची खोली. विठ्ठलाचे माळकरी, किती पिढ्यांपासून म्हैसुरात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मराठी बोलायचे, पण वाक्य अर्ध्यात आलं की कानडीचा टेकू घ्यायचे. "तू स्वल्प थांब नोडु, मी काय सुम्ने बोलत नाही." स्वल्प म्हणजे थोडं, नोडु म्हणजे बघ, सुम्ने म्हणजे उगाच; पहिल्या आठवड्यात मला अर्धंच कळायचं. दुसऱ्या आठवड्यात मी त्याची नक्कल करायला लागले.

एकदा जिन्यात उभी राहून मी मामींना मामा करून दाखवत होते. गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "आयतु आयतु, झालं म्हणून समजा! उद्या ब्लाऊज मिळणार, गॅरंटी!" मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग एकदम हसायच्या थांबल्या. मागं मामा.

"गॅरंटी मी कधी म्हणत नाही," ते म्हणाले. "विठ्ठलाशपथ म्हणतो. नीट कर."

मी नीट करून दाखवलं. ते मन लावून बघत राहिले आणि म्हणाले, "मान स्वल्प जास्त हलवतेस." आणि कात्री घेऊन आत गेले. असा माणूस.

आता मुद्द्यावर येते. पेठेतल्या विठ्ठल मंदिरात दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला साठेक माणसं भजनाला जमतात. भजनानंतर फराळ. आणि फराळ म्हणजे मामांचे बटाटे. शेंगतेलात तळलेले, वरून सैंधव आणि मिरपूड. चाळीस वर्षं. देवळाच्या मागच्या पडवीत कढई, कढईपुढं मामा. भजनात लोक तल्लीन व्हायचे ते विठ्ठलामुळं की पडवीतून येणाऱ्या वासामुळं, हे ठरवणं कठीण.

पण मामांचा उजवा हात थरथरायला लागला होता. शिलाई मामींनी घेतली, मामा फक्त कापायचे, तेही डाव्या हातानं उजवा हात दाबून धरून. भाद्रपदातल्या एकादशीला झारा हातातून सुटला आणि उकळतं तेल पायावर सांडलं. आरडाओरडा नाही, काही नाही. पाय पाण्याच्या बादलीत ठेवून त्यांनी उरलेले बटाटे तळले म्हणे.

भजनी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे मामांचे लहानपणचे सोबती. कापडाचे व्यापारी, जाड मिशा, आवाज असा की घंटा वाजवायची गरज नाही. त्यांनी त्या दिवशीच कढई उचलून नेली आणि स्वतःच्या गोदामात कुलूप लावून ठेवली.

आश्विनातल्या एकादशीला प्रत्येकाला दोन केळी आणि एक खजूर मिळाला. मी गेले होते मामींबरोबर. मामा पंगतीत बसले होते. हात कुठं ठेवायचे ते त्यांना समजत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग पाठीमागं, मग परत मांडीवर. केळं सोललं आणि पानावर तसंच ठेवलं.

घरी येताना मामी हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षांत हा माणूस पंगतीत बसला नव्हता गं. आज बसवला, तर घास उतरला नाही."

मामा दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांकडं गेले. परत आले ते मान खाली घालून. अध्यक्षांनी सांगितलं होतं, "देवळात कढई नाही, गॅस नाही, तेलाचा एक थेंब उडायला नको. तसं जमत असेल तर कर. नाहीतर कार्तिकीपासून केळी, कायमची." आता अध्यक्षांचंही चूक म्हणता येत नव्हतं. मित्राचा पाय जळलेला कुणाला आवडेल? पण मामांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

आणि माझ्या खोलीत एअर फ्रायर होता.

ऑफिसनं गणपतीला सगळ्यांना भेट दिलेला. काळा, गोल, एखाद्या ढेरपोट्या साहेबासारखा. मी त्यात काय काय करायची ते पुढं सांगते, आत्ता नको.

मामा माझा कुर्ता आखूड करून द्यायला वर आले आणि त्याच्याकडं बघत थांबले. "हे काय?"

"एअर फ्रायर मामा. यात तळल्यासारखं होतं. कढईबिढई काही नको."

"परत बोल."

"कढई नको."

"गॅस?"

"नाही. प्लग लावायचा."

कुर्ता जमिनीवर पडला. मामा पुढं झाले, खाली वाकले, त्याचा डबा बाहेर ओढला आणि आत नाक घालून वास घेतला. मग डबा सावकाश आत ढकलला. "उद्यापासून सुरू," ते म्हणाले. "किल्ली देऊन जा."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर जिन्यात धूर! वर मामी टॉवेलनं वारा घालतायत, मामा खिडकी उघडतायत, आणि माझ्या साहेबाच्या पोटातून तेल टपटप गळतंय. मामांनी डब्यात अर्धा लिटर शेंगतेल ओतलं होतं.

"मामा! यात तेल ओतायचं नसतं!"

"नाव फ्रायर ना? मग तळणार कशात, हवेत?"

"हो मामा! हवेतच!"

ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांना कोटाला बाह्या नसतात असं सांगितलं होतं.

मग अजिबात तेल नाही. कच्च्या फोडी, कोरड्या, तशाच आत. बाहेर आल्या त्या वाकत होत्या, पण तुटत नव्हत्या. मामांनी एक कानाशी मोडायचा प्रयत्न केला. "हा बटाटा नव्हे, कॉलरमधलं बकरम आहे," ते म्हणाले. मी ते बकरम दोन दिवस चावत होते.

तिसऱ्या वेळी घाई झाली, डबा गच्च भरला. वरचे जळले, मधले वाफेत भिजले, खालचे तर नुसतेच बसून होते. मामांनी एकेक कानाशी नेला. शांतता. आम्ही तिघं त्या डब्याभोवती अशी बसलो होतो, जणू कुणाचा निकाल लागायचा आहे.

मग मामा खाली दुकानात गेले आणि स्टुलावर बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर हातात कोऱ्या कापडाचा तुकडा. "पुट्टी," ते म्हणाले, "नवं कापड आणलं की आधी काय करतात?"

"कापतात."

"म्हणूनच तू फोनवर बसतेस. आधी पाण्यात घालायचं. ते आटायचं तेवढं आटू द्यायचं. मग खडखडीत वाळवायचं. मग कापायचं. ओलं कापड कापणारा शिंपी गेला कामातून."

आणि उठले! पायाला पट्टी, हाताला थरथर, पण जिना दोन-दोन पायऱ्यांनी! मामींना हाक, कुकरला हाक, मला हाक! मामींनी बटाटे अर्धेकच्चे उकडले. मामांनी त्यांच्या फोडी केल्या, पांढऱ्या मलमलीवर पसरल्या, वरून दुसरी मलमल टाकून टिपल्या, पंख्याखाली ठेवल्या. मग कोरड्या पातेल्यात घालून झाकण लावलं आणि पातेलं गदागदा हलवलं. थरथरणाऱ्या हातालाच ते काम दिलं. "आता हा हात कामाचा," म्हणाले. झाकण काढलं तर सगळ्या फोडींच्या कडा भुसभुशीत झालेल्या.

"मामा, मोडले की!"

"मोडले नाहीत. कडा उसवल्यात. उसवलेली कड वारा धरते, नोडु."

चमचाभर शेंगतेल, सैंधव, चिमूटभर शिंगाड्याचं पीठ. आणि डब्यात फोडी ठेवल्या त्या एकमेकींपासून बोटभर लांब. "शिलाईला जागा सोडायची," ते म्हणाले. दोनशे डिग्री. दहा मिनिटांनी डबा हलवला. आणखी दहा.

मामांनी फोड उचलली. बोटं भाजत होती पण सोडली नाही. कानाशी नेली. माझ्या नाही, स्वतःच्या. आणि मोडली.

कट्ट!

मी शपथेवर सांगते, खाली मामींना ऐकू गेलं. "काय फुटलं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"फुटलं नाही, बोललं!" मामा गॅलरीत धावले, दुसरी मोडली. कट्ट! तिसरी. कट्ट! समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. मी नाचत होते. मामा ओरडत होते, "आयतु! आयतु! आयतु!" आणि फोडी माझ्या हातावर ठेवत होते. मी तोंड भाजून घेत खात होते. वरून अशी करकरीत, आत लोण्यासारखी. "मामा, तुम्ही पण खा ना!"

"करणाऱ्यानं शेवटी," ते म्हणाले.

मला वाटलं, ही त्यांची शिस्त.

पुढचा आठवडा रोज तेच. पाच मिनिटं कमी, दोन जास्त, जुना बटाटा, नवा बटाटा. नवा बटाटा नापास. वेळ ते घड्याळात बघायचे नाहीत, मोडून ऐकायचे. आणि दरवेळी मी खायची. "कसं आहे?" विचारलं की मी म्हणायची, "भारी!" मला तर काय, फुकटचा बटाटा भारीच लागतो.

अध्यक्ष तपासायला आले. मिशांसकट. मामांनी स्वच्छ ताटलीत चार फोडी ठेवल्या, एक उचलली आणि अध्यक्षांच्या कानाशी मोडली. कट्ट.

अध्यक्षांनी ताटलीकडं हात केला. मामांनी ताटली मागं घेतली. "खायचं एकादशीला. आज फक्त ऐक."

"मी काय भजन ऐकायला आलोय?" अध्यक्ष गरजले. "बटाटा आहे तो!"

"बटाटाच आहे. आणि तो बोलला. तुझ्या दुकानात मी कापड चाखतो का?"

अध्यक्ष मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "कुरकुरीत आहे, मान्य. पण या एवढ्याशा डब्यात साठ माणसांचं कसं करणार? पुढच्या दिवाळीपर्यंत एका माणसाचं होईल." आणि गेले.

ते बरोबर होतं. आमचा साहेब एका वेळी अर्धा किलो करायचा. म्हणजे आणखी फ्रायर हवेत. आता जयलक्ष्मीपुरममध्ये एअर फ्रायर नाहीत असं नाही. प्रत्येक लग्नात दोन-दोन भेट येतात आणि माळ्यावर जातात. आणि त्या सगळ्या घरांतल्या बायकांचे ब्लाऊज मामांनी शिवलेले. पण मामांना कुणाकडं काही मागायची सवयच नव्हती. मग आम्ही तालीम केली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर समोरच्या घरातल्या प्रोफेसरबाई होऊन उभी राहिले, हनुवटी वर, चष्मा पुढं. मामा खाली हात जोडून.

"नमस्कार. आपलं... आपलं ते..." मामा अडखळले.

"बोला, मला कॉलेजला जायचंय," मी प्रोफेसरबाईंच्या नाकातल्या कानडीत म्हणाले.

मामांनी हात खाली सोडले. "तिच्या बाह्या नेहमी घट्ट होतात म्हणते ती. मी सैल करून देतो म्हणून सांगू का?"

खऱ्या प्रोफेसरबाईंनी एवढं काही लागू दिलं नाही. देवळासाठी म्हटल्यावर त्यांनी माळ्यावरून न उघडलेलं खोकंच काढून दिलं. बाकीच्या दारांत मामा एकच प्रश्न विचारायचे: "यात आजवर काय शिजलं?" साबुदाण्याचे पापड, चालेल. ढोकळा, धुऊन चालेल. एका घरी लसणाचा पाव म्हणाले, मामांनी हात जोडले आणि मागच्या पावली फिरले. असे चार जमले.

दशमीला संध्याकाळी आम्ही ते रिक्षात चढवत होतो. एक, दोन, तीन, चार. मामा म्हणाले, "चला."

"मामा, माझा राहिला की. पाचवा."

"तो राहू दे."

"का? तो तर सरावलेला आहे."

मामा रिक्षाचा पडदा नीट करत राहिले. आणि मला एकदम कानाच्या पाळीपर्यंत गरम झालं. कारण आता ते सांगायची वेळ आली, जे मी मघाशी टाळलं होतं. तुम्ही ओळखलं असेलच. त्या फ्रायरमध्ये मी दर रविवारी चिकन करायची. धुवायची हो मी! पण एकटी राहणारी मुलगी धुते तसं.

"मामा... त्यात मी..."

"ठावं आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. नाक आहे मला."

मी उभ्या उभ्या सगळा महिना आठवला. एकेक फोड. गॅलरी. अध्यक्षांच्या हातापासून मागं घेतलेली ताटली. ती शिस्त नव्हती. या माणसानं महिनाभर एकही बटाटा तोंडात घातला नव्हता. सगळं नुसतं ऐकून केलं होतं.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू लाजली असतीस. खाणं सोडलं असतंस रविवारचं. परमुलखात एकटी आहेस, खा की." मग रिक्षात बसत म्हणाले, "आणि लाजून ते मशीनही नेऊन ठेवलं असतंस कुठंतरी. मग मी सराव कशावर करणार?"

एकादशीचा दिवस. सकाळी सात वाजता पडवीत चार फ्रायर ओळीनं. मामींनी घरून उकडून आणलेले बटाटे मलमलीत. आत भजन सुरू. मामांनी कपाळाला हात लावून विठ्ठलाला नमस्कार केला आणि चारही बटणं एकदम दाबली.

फट्!

पंखे थांबले. दिवे गेले. पेटीशेजारचा विजेचा तंबोरा गप्प झाला. टाळ तेवढे चालू राहिले, त्यांना वीज लागत नाही. अध्यक्ष बाहेर आले. ऑफिसच्या खोलीचं दार त्यांनी नुसतं उघडलं, आणि दारामागं केळ्यांचे तीन घड टांगलेले दिसले. आधीच आणून ठेवले होते!

मामांनी घडांकडं पाहिलं. मग रस्त्याकडं. देवळाला लागून इस्त्रीचं दुकान आहे. तीन इस्त्र्या, तीन जाड प्लग, वेगळी लाइन. मामा सरळ आत शिरले. इस्त्रीवाला कुणाच्या तरी पँटवर पाणी शिंपडत होता.

"तुझ्या लग्नाचा सूट कुणी शिवला?"

"तुम्हीच की."

"अजून होतो अंगात?"

"होतो."

"मग इस्त्र्या काढ. तीन प्लग दे. दीड तास."

त्यानं काढल्या! पँट तशीच अर्धी सोडून! देवळाचा फ्यूज परत बसवला, तीन फ्रायर दुकानात, एक पडवीत, आणि मी मधल्या गल्लीत पळतेय, पदर खोचून, गरम डबे मलमलीत धरून! प्रत्येक मशीन नवं, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक तापट, एक आळशी. प्रोफेसरबाईंचं तर कोरं करकरीत, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं आपण कोण ते. मामा या दारातून त्या दारात जात होते, फोड मोडत होते. "याला दोन मिनिटं. याला बास. याला हलव, हलव!" इस्त्रीवालाही ऐकायला लागला. गल्लीत वास असा सुटला की आत अभंगाची लय वाढली.

पंगत बसली. साठ पानं. मी वाढत होते, मामी वाढत होत्या, मामा खांबाला टेकून उभे. पहिला घास. मग दुसरा. आणि सबंध सभामंडपात फक्त एक आवाज. कुरकुर, कुरकुर, कट्ट, कुरकुर. कुणी बोलेना. साठ तोंडं आणि एकही शब्द नाही! अध्यक्षांच्या कवळीतूनही कट्ट आलं. ते मान खाली घालून खात होते. पान रिकामं झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता ते पुढं सरकवलं. मी वाढलं. परत सरकवलं.

"मामा, आता तरी!" मी चार फोडी द्रोणात घालून त्यांच्यापुढं धरल्या. महिनाभरातली त्यांची पहिली फोड. त्यांनी डोळे मिटले. चावली. सावकाश चावली.

डोळे उघडले. "मीठ कमी आहे."

"अं?"

"मीठ! कमी! आहे!" मामा माझ्यावर ओरडले. "महिनाभर तू खातेस! रोज भारी, भारी! मीठ ऐकू येतं का मला?"

आधी मामी हसल्या. मग पहिली पंगत. मग सगळा मंडप. लोकांनी कबूल केलं, हो, कमी आहे, पण कोण सांगणार मामांना! मामा लाल झाले, मग तेही हसायला लागले, हसता हसता खांबाला धरून खाली बसले.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. सैंधवाची वाटी घेतली आणि पहिल्या पानापासून निघाले. वाकून, प्रत्येकाच्या पानात चिमूटभर. साठ पानं. गुडघे दुखत होते त्यांचे, दिसत होतं. शेवटी मामांजवळ आले, त्यांच्या द्रोणात चिमूट सोडली आणि विचारलं, "पुढल्या महिन्याला बटाटे किती आणू?"

"दहा किलो," मामा म्हणाले. "जुने. नवे आणलेस तर बघ."

केळी लोकांनी घरी नेली.

त्यानंतर वैशाखापर्यंत प्रत्येक शुद्ध एकादशी मामांनी केली. मीठ दरवेळी बरोबर. मग एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या गेले, कापडावर अर्धी खूण करून. मामींनी ते कापड कापलं नाही अजून.

त्यानंतरच्या एकादशीला केळी वाटली. अध्यक्षांनी पान उचललं तेव्हा त्यांच्या पानावर केळं तसंच होतं.

आषाढीला मी सकाळी लवकर देवळात गेले, म्हटलं निदान फळं चिरू लागू. दारातच थांबले. प्रोफेसरबाई पायरीवर उभ्या होत्या, फ्रायर कमरेवर, घागर घ्यावी तसा. त्यांना मराठी येत नाही, आमची एकादशी त्या करत नाहीत. त्यांच्यामागं ढोकळेवाल्या बाई. त्यांच्यामागं आणखी कुणी. चपला काढायच्या जागेवर फ्रायरची ओळ लागली होती. मी मोजले, नऊ. मामी रिक्षातून उतरत होत्या, मांडीवर मलमल बांधलेलं पातेलं.

अध्यक्ष बाहेर आले. ओळ बघितली. "कुणी बोलावलं यांना?" त्यांनी मला विचारलं. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"कुणी नाही."

प्रोफेसरबाईंना प्रश्न कळला असावा. त्या कानडीत म्हणाल्या, "बोलवायचं कशाला? एकादशी कॅलेंडरवर असते."

अध्यक्षांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. खूप वेळ पुसलं. मग वाकून पहिला फ्रायर स्वतः उचलला, पोटाशी धरला आणि शेजारच्या दुकानाकडं वळून अशी आरोळी ठोकली की गल्लीतली कबुतरं उडाली:

"ए! इस्त्र्या काढ! सगळ्या काढ!"